पाच एकरांची रेष : मनमोहन सिंग आणि आमचा कोरडवाहू विदर्भ

कोरडवाहू
२८ डिसेंबर २०२४, रात्री ९.१०

परवा रात्री मनमोहन सिंग गेले. बातमी आली तेव्हा दुपारी वेचून आणलेल्या कापसाची गाठोडी ओसरीतच पडली होती, काटा व्हायचा होता. बाबा टीव्हीकडे बघत म्हणाले, "हेच नं ते, पाच एकरवाले?"

देश त्यांना १९९१ चा माणूस म्हणून ओळखतो. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात ते पाच एकरांचे म्हणून ओळखले जातात.

दोन दिवसांपासून टीव्हीवर उदारीकरण, अणुकरार आणि त्यांचा सौम्य स्वभाव, एवढंच सुरू आहे. त्यातलं काही खोटं नाही. पण दिल्लीतल्या अर्थतज्ज्ञाचा आकडा शेवटी कोणाच्या तरी सातबाऱ्यावर येऊन टेकतो, त्याबद्दल कोणी बोलताना दिसलं नाही. म्हणून धागा काढला.

नव्या मंडळींसाठी थोडं आधीचं. जन्म १९३२ चा, गाव गाह, आता पाकिस्तानात. आई लवकर गेली, आजीनं वाढवलं. गावात वीज नव्हती, कंदिलावर अभ्यास केला. फाळणीत घर सुटलं. तिथून पंजाब विद्यापीठ, केंब्रिज आणि ऑक्सफर्ड; डॉक्टरेट भारताच्या निर्यातीवर. मग दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्राध्यापक, १९७२ पासून सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार, १९८२ ते ८५ रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. इतकी वर्षं सरकारी टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला जून १९९१ मध्ये नरसिंह रावांनी एकदम अर्थमंत्री केलं. राव म्हणजे १९८४ आणि १९८९ ला आपल्या रामटेकनं निवडून दिलेले खासदार.

आता आमचं. २००६ च्या जून अखेरीस पंतप्रधान म्हणून ते विदर्भात आले. त्या काळात सकाळचा पेपर उघडायची भीती वाटायची, शेतकरी आत्महत्येच्या बातमीत रोज एखाद्या ओळखीच्या गावाचं नाव असायचं. १ जुलैला त्यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. थकीत कर्जावरचं व्याज माफ झालं. मुद्दल राहिलं.

मग फेब्रुवारी २००८ च्या बजेटमध्ये कर्जमाफी आली, ६० हजार कोटींची. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत, संपूर्ण माफी. त्याच्या वर जमीन असेल तर ७५ टक्के भरा, २५ टक्के सूट घ्या. सोसायटीच्या भिंतीवर याद्या लागल्या त्या दिवशी मी बाबांसोबत होतो. दोन याद्या शेजारी शेजारी चिकटवलेल्या होत्या. आमच्या काकांचं नाव पहिल्या यादीत, बाबांचं दुसऱ्या.

काकांनी मुलांत वाटणी करून फेरफार आधीच घेतला होता, नावावर चार एकर राहिले होते. बाबांच्या नावावर सात एकर बारा गुंठे. धुरा एक, माती एक, पाऊस एक. दोघांकडेही विहीर नाही. बाबांचे थकीत अडतीस हजार होते. कोरडवाहू जिल्ह्यांसाठी मे महिन्यात नियम बदलला आणि २५ टक्के किंवा वीस हजार, जे जास्त असेल ते सुटलं. म्हणजे अठरा हजार भरायचे होते. जोडीतला उजवा बैल विकला. त्याचे चौदा हजार आले, चार हजार हातउसने घेतले.

माणूस विद्वान होता. नियत स्वच्छ होती याबद्दल आमच्या घरात कोणालाच शंका नाही. आमच्या भागात येऊन गेला होता. तरी दोन वर्षांनी रेष ओढली ती पाच एकरांवर. असं काहून झालं, हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

पऱ्हाटी
२८ डिसेंबर, रात्री ९.५५

भाऊ, आमच्या अकोट तालुक्यात बी हेच झालं. खारपाणपट्ट्यातला माणूस, दहा एकर जमीन, विहिरीले खारं पाणी. कागदावर तो मोठा शेतकरी. अन् तिकडं पाण्याखालच्या तीन एकर बागेवाल्याचं लाखाचं कर्ज माफ. आमच्या बापानं यादी पाहून कोणाले शिवी नाई देल्ली, नुसता घरी येऊन झोपला.

पण एक गोष्ट त्याच सालची सांगतो, ते बी लिहून ठेवा. २००८ ले लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २,०३० वरून एकदम ३,००० केला. एका झटक्यात हजार रुपये कधी वाढले होते? आमच्याकडं त्या दिवाळीले घराले चुना लागला, बहिणीचं लग्न निघालं. माफी एकदाची होती, भाव दर क्विंटलमागं होता. मले इचाराल तं मनमोहन सिंगांचं नाव मी त्या ३,००० साठी घेतो.

वणीकर
२८ डिसेंबर, रात्री १०.२०

भावाची गोष्ट काढली म्हणून पुढचंही आलंच पाहिजे. ५ मार्च २०१२ ला त्यांच्याच सरकारनं कापसाची निर्यात एका आदेशानं बंद केली. आधीच्या हंगामात सहा-सात हजार भाव पाहिला होता, म्हणून लोकांनी माल घरात दाबून ठेवला होता. बंदीची बातमी आली आणि खेडा खरेदीच्या गाड्याच दिसेनाशा झाल्या. कृषिमंत्री शरद पवारांनी उघड विरोध केला, आठवडाभरात बंदी उठवावी लागली. पण ज्यानं त्या आठवड्यात मुलीच्या लग्नासाठी विकला, त्याचं नुकसान कोणी भरून दिलं?

ज्या माणसानं निर्यातीवर डॉक्टरेट केली, १९९१ ला परवान्यांचं राज्य मोडलं, त्याच्याच राजवटीत शेतकऱ्याच्या मालाला बंदी लागते, हे मला आजही पचत नाही. कारखानदाराला बाजार खुला केला. आमचा बाजार भाव चढला की बंद.

मास्तर
२९ डिसेंबर, सकाळी ७.३०

मी तालुक्याच्या कॉलेजात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, म्हणून सविस्तर लिहितो.

१९९१ चं संकट आजच्या मुलांना कळत नाही. तिजोरीतलं परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं होतं. जुलैत रिझर्व्ह बँकेचं जवळपास ४७ टन सोनं विमानानं बाहेर नेऊन गहाण टाकलं. आपल्याकडे घरातली पोत गहाण टाकायची वेळ आली की बाई आठ दिवस कोणाशी बोलत नाही. देशाचं तसं झालं होतं. १ आणि ३ जुलैला रुपयाचं अवमूल्यन, २४ जुलैला बजेट. त्या माणसानं हे सगळं महिनाभरात केलं.

आता कोरडवाहू यांचा प्रश्न. पाच एकरांची रेष २००८ ला जन्मली नाही. त्याच १९९१ च्या बजेटमध्ये खतांचे भाव ४० टक्क्यांनी वाढवले होते. स्वपक्षाचेच खासदार उठले. ऑगस्टमध्ये वाढ ३० टक्क्यांवर आणली आणि अल्पभूधारकांना त्यातूनही वगळलं. हा अल्पभूधारक म्हणजे कोण? एक हेक्टरपर्यंत अत्यल्प, दोनपर्यंत अल्प. सरकारी मोजणीतली ही व्याख्या देशभर एकच आहे. पंजाबच्या कालव्याखालचा हेक्टर आणि यवतमाळच्या बरडावरचा हेक्टर तिला सारखाच. एवढ्या मोठ्या देशाचं बजेट लिहिणाऱ्याला तयार माप हाताशी लागतं, आणि सोय म्हणून तेच उचललं जातं. त्यात द्वेष नाही. अडाणीपणही नाही, कारण मे २००८ मध्ये कोरडवाहू जिल्ह्यांसाठी दुरुस्ती झाली आणि रक्कम ७१,६८० कोटींवर गेली. म्हणजे चूक दिसली होती. पण दुरुस्ती सुटीच्या रकमेत केली, मापात नाही.

माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीची ताकद आणि उणीव इथे एकत्र दिसते. सरासरीवर त्यांची पकड विलक्षण होती. विदर्भ सरासरीत बसत नाही.

सीतादही
२९ डिसेंबर, सकाळी ११.०५

मास्तर, तुम्ही म्हणता ते पटलं, पण दोन याद्यांत न बसणारीही माणसं होती. माझे मिस्टर २००५ मध्ये गेले. जमीन सासऱ्यांच्या नावावर, सोसायटीचं कर्ज सासऱ्यांच्या नावावर, आणि खरं मोठं कर्ज गावातल्या सावकाराचं, ज्याचा कागदच नव्हता. त्यामुळे माफी कुठल्याच बाजूनं माझ्यापर्यंत आली नाही. सातबाऱ्यावर माझं नाव चढायला पुढे सहा वर्षं लागली.

पॅकेजमधून मला गाय मिळाली होती. अर्धी रक्कम सरकारची, अर्धी आपली. मोठी, संकरित, पांढऱ्यावर काळे ठिपके. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या गावात मार्चनंतर माणसांना पाण्यासाठी हिंडावं लागतं, तिला दिवसाला चार-पाच घागरी लागायच्या. हिरवा चारा कुठून आणायचा? कडब्याला ती तोंड लावायची नाही. ढेपेचं पोतं दुधाच्या पैशात बसेना. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, तिनं गायीचं नाव राणी ठेवलं होतं. मे महिन्यात राणीला बाजारात नेली, येताना मुलगी रडत होती आणि मला मात्र मोकळं वाटत होतं. ते मोकळं वाटणं मी विसरलेली नाही.

दिल्लीत कोणीतरी मनापासून विचार केला असेल की शेतीला जोडधंदा द्यावा. विचार बरोबरच आहे. फक्त कोणीतरी उन्हाळ्यात येऊन आमच्या हंड्यांकडे बघायला हवं होतं.

कृषी केंद्र
२९ डिसेंबर, दुपारी १.१५

ताई, वाचून पोटात कालवलं.

माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, वडिलांपासून. मास्तरांनी खताचा विषय काढला म्हणून पुढचं जोडतो. १९९२ च्या ऑगस्टमध्ये स्फुरद आणि पालाशाच्या खतांवरचं नियंत्रण काढलं, युरियावर ठेवलं. डीएपी या स्फुरदाच्या खताचे भाव भडकले, युरिया उलट थोडा स्वस्त झाला. मग शेतकरी काय करणार? युरिया फेकतो. पीक हिरवंगार दिसतं, फुलं-पात्या गळतात, मावा-तुडतुडे तुटून पडतात, आणि फवारणीचा खर्च वेगळा.

एप्रिल २०१० ला त्यांच्या सरकारनं अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आणलं. कल्पना शास्त्रशुद्ध होती. पण युरिया पुन्हा बाहेरच ठेवला. माझ्या दुकानात डीएपीची पिशवी ४७० च्या आसपास होती, २०१२ पर्यंत बाराशेच्या वर गेली. युरिया पावणेतीनशेच्या आतच. कागदावर अर्धी सुधारणा झाली म्हणतात, मातीत ती उलटी झाली. युरियाचा भाव मोकळा सोडायची हिंमत ना १९९१ च्या आंदोलनानंतर कोणात उरली, ना पुढच्या कोणत्या सरकारात. इथे अर्थतज्ज्ञ हरला आणि राजकारण जिंकलं, हे मी रोज काउंटरवर बघतो.

गडचिरोलीहून
२९ डिसेंबर, दुपारी ३.४०

तुमच्या कापूस जिल्ह्यांचं दुःख मोठं आहे, पण त्याच दहा वर्षांतलं आमचं वेगळं आहे. वनहक्क कायदा २००६ चा. आमच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाले आणि २०११ मध्ये ग्रामसभेला स्वतःच्या बांबूचा वाहतूक पास. ज्या बांबूला हात लावला की गुन्हा व्हायचा, तो गावानं लिलावानं विकला. या कायद्यामागे मोठी चळवळ होती, श्रेय तिचं. पण सही त्यांच्या सरकारची आहे.

भंडारेकर
२९ डिसेंबर, रात्री ८.३०

मी धानपट्ट्यातला. धागा सकाळपासून वाचतो आहे आणि एक नाव अजून आलं नाही याचं आश्चर्य वाटतं. अर्थशास्त्रातून राष्ट्रीय राजकारणात गेलेला पहिला मोठा माणूस मनमोहन सिंग नव्हे, बाबासाहेब आंबेडकर. कोलंबिया आणि लंडनचं अर्थशास्त्र, रुपयाच्या प्रश्नावरचा १९२३ चा ग्रंथ. आमच्याकडे त्यांना घटनाकार म्हणून घरोघरी पूजतात, अर्थतज्ज्ञ म्हणून फार कमी वाचतात.

दोघांत एक साम्य आहे आणि ते आमच्या जिल्ह्याला टोचतं. मनमोहन सिंग १९९९ ला दक्षिण दिल्लीतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. सगळी कारकीर्द राज्यसभेतून, आधी आसाम, शेवटी राजस्थान. बाबासाहेब १९५२ ला मुंबईत पडले, राज्यसभेत गेले आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत आमच्या भंडाऱ्यातून उभे राहिले. आम्ही त्यांना पाडलं. माझे आजोबा त्या प्रचारात पायी फिरले होते. मरेपर्यंत त्या निकालाचा विषय निघाला की ते उठून अंगणात जायचे.

पण मुख्य सांगायचं ते पाच एकरांबद्दल. १९१८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, बाबासाहेबांनी लहान शेतांच्या प्रश्नावर एक लेख लिहिला. तेव्हाही सगळे हेच म्हणत होते की शेतं लहान म्हणून शेतकरी गरीब. त्यांनी तो विचारच उलटा केला. शेत परवडतं की नाही हे एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीच्या प्रमाणात भांडवल, अवजारं, बैल आहेत की नाहीत यावर ठरतं. हातात साधनंच नसतील तर आहे तेच शेत त्या माणसाला लहान नसून मोठं पडतं, असं त्यांनी लिहिलं. कोरडवाहू, तुमच्या बाबांची गोष्ट वाचताना मला तो लेख आठवला. सात एकर बारा गुंठे, विहीर नाही, आणि बैल एकच उरला. मोजणीचं योग्य माप नव्वद वर्षं आधी लिहून ठेवलेलं होतं.

मास्तर
२९ डिसेंबर, रात्री ९.१५

भंडारेकर, तीस वर्षं शिकवलं पण हा लेख मी कधी वर्गात वाचून घेतला नाही. आज सकाळी मी "तयार माप" लिहिलं, ते तुमच्यानंतर अपुरं वाटतं. दुसरं माप उपलब्ध होतं.

त्या लेखातला उपायही सांगायला हवा. शेतीवर रिकामी बसलेली माणसं कारखानदारीकडे वळवा, म्हणजे जमिनीवरचा भार हलका होईल, असं बाबासाहेबांचं म्हणणं होतं. १९९१ कडून मला हीच आशा होती. कारखाने आले, पण पुण्याच्या आसपास, चेन्नईला, गुडगावला. आपल्याकडे कापूस पिकतो तिथल्या गिरण्याच बंद पडल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. पुलगाव, बडनेरा, हिंगणघाट, प्रत्येक गावाला भोंगा होता. सगळ्याचा दोष उदारीकरणाला देणार नाही, गिरण्यांचं दुखणं जुनं होतं. पण माझे विद्यार्थी शेतीतून सुटले ते गिरणीत गेले नाहीत, पुण्यात सिक्युरिटी गार्ड झाले. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात जड हिशेब आहे.

वणीकर
२९ डिसेंबर, रात्री ९.४०

काल मी रागानं लिहिलं, ते मागे घेत नाही. फक्त सगळं दिल्लीवर ढकलू नये. सिंचनाचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेलं काम, दांडेकर समितीनं १९८४ ला मोजून मुंबईच्या, म्हणजे राज्य सरकारच्या हातात दिला होता. वि. म. दांडेकर हेही अर्थतज्ज्ञच. ते धरणाचं पाणी आमच्या शेतात आलं असतं तर कोरडवाहूंच्या बाबांना दोन्ही याद्यांची गरज पडली नसती. आणि राज्य सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीत चुकाऱ्यासाठी आमच्या बापानं वर्ष-वर्ष वाट पाहिली ती राज्याच्याच दारात.

पऱ्हाटी
२९ डिसेंबर, रात्री १०.००

शेतकऱ्याईसाठीचा स्वामिनाथन आयोग बी त्याईच्याच काळातला. २००४ ले नेमला, २००६ ले शेवटचा अहवाल आला, खर्चावर पन्नास टक्के धरून भाव द्या म्हनला. तो दिला असता तं हा धागाच निघाला नसता. २०२४ ले सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता अन् बाजारात त्याच्याखाली इकलं आम्ही. वजीर बदलले, हे नाई बदललं.

सीतादही
३० डिसेंबर, सकाळी ६.५०

एक राहिलं होतं. रोजगार हमी आपल्या राज्यात सत्तरच्या दशकापासून आहे, पण २००६ नंतर केंद्राच्या कायद्यात मजुरी बँकेच्या खात्यात यायला लागली. माझ्या नावाचं पहिलं खातं त्या कामासाठी उघडलं, गावतलावाच्या गाळ काढण्यावर. पासबुकात सासऱ्यांचं नाव नव्हतं, मिस्टरांचं नव्हतं, फक्त माझं होतं. गाय दिली त्याच सरकारनं ते पासबुकही दिलं. मी दोन्ही लक्षात ठेवते.

कोरडवाहू
३० डिसेंबर, रात्री ८.२५

सगळ्यांचे आभार. सीतादही ताई, तुमचा कालचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. तिनं परत एकदा वाचायला सांगितलं.

भंडारेकर दादा, तुम्ही पाठवलेली लेखाची पानं आज संध्याकाळी बाबांसमोर मराठीत सांगत गेलो. बाबा चौथी शिकलेले. साधनं नसली तर शेत मोठं पडतं, या वाक्यावर त्यांनी हात वर करून थांबवलं. मग म्हणाले, "एका बैलावर सात एकर म्हणजे मोठंच होते नं." बैल विकला त्या साली दुसऱ्याची जोडी भाड्यानं घ्यावी लागली होती. जोडीवाला आधी स्वतःचं पेरणार, मग भावाचं, मग आमच्याकडे येणार. आमची सरकी जमिनीत पडायला पंधरा दिवस उशीर झाला. हे मला आजवर माहीतच नव्हतं. मी तेव्हा यवतमाळला होस्टेलवर होतो आणि त्यांनी फोनवर फक्त सांगितलं होतं की पेरणी झाली.

उरलेली पानंही पाठवा. उद्या तिसरी वेचणी लागते आहे, बाबांनी ती रात्री वाचायला सांगितली आहेत.